गळ कोणाचा, नाव कोणाचे? पंचगंगेच्या खडशीची विसरलेली कहाणी

१/
गळ टाकून मासा खेळवणे ही इंग्रजांची देणगी. त्याआधी या देशात केवळ पोटासाठी जाळी टाकली जात, असा समज इतिहासप्रेमी तरुणांत घट्ट रुजला आहे. काश्मीरचा ट्राउट, निलगिरीचा ट्राउट आणि लवचिक काठ्या घेतलेले साहेब यांची छायाचित्रे पुरावा म्हणून पुढे केली जातात. हा समज खोटा आहे. तो खोडणारा पुरावा कोल्हापूरच्या इतिहासाला लागूनच पडलेला आहे.

२/
इ. स. ११२९ च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या पित्याची, सहाव्या विक्रमादित्याची, एक राणी कऱ्हाडच्या शिलाहारांची राजकन्या होती, असे बिल्हण कवी सांगतो. पन्हाळा आणि कोल्हापूर राखणारे शिलाहार हे याच चालुक्यांचे मांडलिक. म्हणजे हा ग्रंथ कृष्णाखोऱ्याला परका नाही.

३/
मानसोल्लासाच्या विनोदविंशतीत राजाच्या करमणुकीचे प्रकार येतात. त्यांतला एक अध्याय मत्स्यविनोदाचा, म्हणजे गळाने मासे धरण्याच्या खेळाचा आहे. मासे समुद्रातले की नदीतले, खवल्यांचे की बिनखवल्यांचे, अशी वर्गवारी त्यात आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य रुचते, काठी आणि दोर कसा असावा, यांचाही विचार आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये या अध्यायावर स्वतंत्र निबंध लिहिला.

४/
गळाच्या मासेमारीवरचे इंग्रजीतील पहिले छापील पुस्तक म्हणून ज्या पुस्तिकेचा गौरव होतो, ती १४९६ ची. मानसोल्लास तिच्याहून साडेतीन शतकांनी जुना. त्याच्याकडे दुर्लक्ष करून 'हा खेळ साहेबांनी शिकवला' असे लिहिणे हा आळस आहे, इतिहास नव्हे.

५/
मात्र उलट दिशेची फुशारकीही नको. पिसांची कृत्रिम माशी गळाला बांधण्याची कला मानसोल्लासात नाही. तेथे खरे आमिष आहे. ती कला इंग्लंडचीही मूळची नव्हे. इ. स. २०० च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील कोळी गळावर तांबडी लोकर आणि पिसे बांधून ठिपक्यांचे मासे धरतात, असे नोंदवले आहे. एका खोट्या अभिमानाच्या जागी दुसरा बसवून काही साधत नाही.

६/
आता ट्राउट. त्याला थंड आणि प्राणवायूने भरलेले वाहते पाणी लागते. म्हणून इंग्रजांना तो १९०० च्या सुमारास काश्मीरच्या ओढ्यांत रुजवता आला. निलगिरीत मात्र आधीची कित्येक दशके प्रयत्न फसत राहिले. पंचगंगेत तो जगणे शक्यच नाही. पण भाद्रपद सरून आश्विन लागला, गढूळ लोंढा ओसरून पाणी निवळले, की दख्खनच्या नद्यांत गळाला झुंजवणारा मासा होताच: महसीर, मराठीतली खडशी किंवा खडची.

७/
या माशाचे शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. त्यातले 'खुद्री' लॅटिन नव्हे. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खन पालथा घालणाऱ्या कर्नल विल्यम हेन्री सायक्सने १८३९ मध्ये येथील माशांची वर्णने प्रसिद्ध केली. खडशी त्याला पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळाली. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून आणि पंचगंगेचे नृसिंहवाडीला थेट, अखेर एकाच कृष्णेला मिळते. हे सारे एकच खोरे आहे.

८/
सायक्सची यादी मोठ्याने वाचावी. घोगरा, शिंघाळा, मळ्या, कोळस, बोगट, फुलुंगी, नुक्ता. आजही जगभरचे शास्त्रज्ञ हे शब्द लॅटिन पेहरावात वापरतात. ते आले कोठून? पाण्यात उभ्या असलेल्या भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडून. मासा साहेबाच्या टेबलावर पोहोचला, तेव्हा त्याची ओळख आधीच झालेली होती. 'शोध' हा शब्द इथे उसना आहे.

९/
त्याच यादीत दुसरी नावेही आहेत: ओगिल्बी, व्हिगर्स, ओवेन, यॅरेल. हे लंडनचे विद्वान. त्यांतला यॅरेल ब्रिटिश माशांवरील ग्रंथाचा कर्ता. दख्खनच्या माशांना त्यांची नावे लाभली. ज्याने मासा धरून आणला आणि नाव सांगितले, त्या एकाही भोयाचे नाव लाभले नाही. शब्द ठेवला, माणूस गाळला. तक्रार सायक्सपुरती नाही. दोनशे वर्षांनी मराठी इतिहासप्रेमीही तीच गाळणी वापरतात, हे अधिक लाजिरवाणे आहे.

१०/
या माणसांना काय ठाऊक होते, ते भाषाच सांगते. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर निघणाऱ्या माशांना मराठीत 'चढणीचे मासे' म्हणतात. मासा अंडी घालण्यासाठी वर चढतो, आणि त्याला वाट मोकळी लागते, हे ज्ञान त्या एका शब्दात साठवलेले आहे.

११/
१८७३ मध्ये मद्रास इलाख्यातील अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले आणि खेळाच्या बाबतीत महसीरला सामनच्या वर बसवले. त्याच वर्षी फ्रान्सिस डे याचा गोड्या पाण्यातील मासेमारीवरचा अहवाल आला. मासे घटण्याचा दोष दोघांनी बारीक आसाच्या जाळ्यांवर आणि सापळ्यांवर, म्हणजे गरिबांवर, टाकला. तो सर्वस्वी खोटा नव्हता. पण माशांना वाट न ठेवता बांधलेले सरकारी बंधारेही मासे संपवतात, हे डे याने स्वतः सांगितले होते.

१२/
१८९७ चा मत्स्य कायदा झाला. सुरुंगाने आणि विषाने मासे मारणे गुन्हा ठरले, ते योग्यच. पण गुन्हेगार म्हणून नदीकाठचा माणूस दिसला. बंधारा नेहमीच विकास म्हणून दिसला. ही दृष्टी साहेब गेल्यावरही गेली नाही.

१३/
कोल्हापूरचे नाव महाराष्ट्रभर एका बंधाऱ्याला लाभले आहे: कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळ्यात त्याचे बरगे काढलेले असतात आणि पूर वाहून जातो. पाऊस सरताना बरगे बसवले जातात आणि पाणी अडते. या पाण्याने हजारो शेतकऱ्यांचे संसार उभे राहिले. राधानगरीचे धरण हाती घेणाऱ्या शाहू महाराजांची दूरदृष्टी वादातीत आहे. पण ज्या शरदात पाणी निवळून खडशीचा हंगाम सुरू व्हायचा, त्याच दिवसांत नदीचे तुकडे पडतात, हेही तितकेच खरे. दोन्ही सत्ये एकत्र सांगणे हे इतिहासाचे काम आहे.

१४/
तुकड्यांत अडलेल्या या पाण्यात सांडपाणी आणि कारखान्यांचे मैलापाणी मिसळते. तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांना नव्या नाहीत. महाराजांच्या चित्त्यांच्या शिकारीची चित्रे अभिमानाने फिरवणाऱ्यांपैकी किती जणांना ही बातमी इतिहासाची वाटते?

१५/
'मग मासे आणून सोडावेत' हे सोपे उत्तर घातक ठरू शकते. १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात खडशीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. हे काम मोठेच होते. पण तेथील पिल्ले कावेरीतही सोडली गेली. तिथला वशिंडाचा महसीर मागे हटत गेला आणि आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. त्याचे शास्त्रीय नाव निश्चित झाले ते २०१८ मध्ये, म्हणजे तो जवळजवळ संपल्यावर. कोणत्या नदीचा मासा कोणता, हे आधी विचारले नाही, त्याची ही किंमत.

१६/
कोल्हापुरात हा प्रश्न विचारण्याची वेळ अजून गेलेली नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीच्या काठी जुने भोई आणि कोळी आहेत. कोणत्या डोहात कोणता मासा होता, कोणत्या नक्षत्रात चढायचा, कोणत्या बंधाऱ्यानंतर दिसेनासा झाला, हे त्यांना ठाऊक आहे. हे कोणत्याही दफ्तरात नाही. शिलालेख शतकानुशतके थांबतात. माणसे थांबत नाहीत. ज्यांना साधनांचा शोध आहे त्यांनी वही घेऊन नदीकाठी जावे, आणि या वेळी माशाच्या नावाखाली सांगणाऱ्याचेही नाव लिहावे.

(समाप्त)