नाश्त्यानंतरची गोळी

“ब्रंच म्हणजे नाश्ता की जेवण?” सासूबाईंनी विचारलं. लेक तोंड उघडणार, तोवर पुढचा प्रश्न आलाच. “नाही, म्हणजे मी गोळी कुठली घ्यायची? नाश्त्यानंतरची की जेवणानंतरची?”

१८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने एका साप्ताहिकात ब्रंचची वकिली केली होती. शनिवारी रात्री उशिरापर्यंत मजा करणाऱ्यांना रविवारी लवकर उठायला लावू नका, चर्चनंतरच्या जड जेवणाऐवजी दुपारच्या सुमाराला चहा-कॉफीपासून सुरुवात करून सावकाश खाऊ द्या, असं त्याचं म्हणणं. त्याच्या घरात रक्तदाबाच्या गोळ्यांचा आठवडी डबा नसावा.

मला हा शब्द आवडतो तो वेगळ्याच हिशोबासाठी. खाणाऱ्याच्या दृष्टीने दोन खाण्यांचं एक होतं. करणाऱ्याच्या दृष्टीने दोनाचं शून्य होतं. पोह्यांची कढई नाही, बारा वाजताचा कुकर नाही. शिवाय ओटा दोनदा पुसायचाही नाही.

गेल्या महिन्यात लेकीने आम्हाला एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या झकपक ठिकाणी नेलं होतं. तिथे पावावर अर्धं कच्चं अंडं, त्यावर पिवळा हॉलंडेज सॉस. चव वाईट नव्हती, उगाच कशाला खोटं बोला. पण बसल्या बसल्या तिथल्या एका मुलीने येऊन हसतमुखाने सांगितलं, की टेबल दीड तासासाठी आहे. आरामात खाण्याचा पदार्थ आणि वर घड्याळ! बिल आल्यावर नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि सर्व्हिस चार्जवर बोट ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो मीच लावलाय.

म्हणून यावेळी जागा मी ठरवली. माटुंगा. यावर नवरा म्हणाला, “रविवारी इडली? का, घरात कोणाला बरं नाहीये?” आमच्याकडे रविवार म्हणजे मटण. सकाळी पिशवी घेऊन दुकानासमोरच्या रांगेत उभं राहणं हा त्याचा एकमेव नेमधर्म. तो मोडतोय म्हणून टॅक्सीत मुलुंडपासून सायनपर्यंत तो गप्प होता. (टॅक्सी अशासाठी, की रविवार मटणाचा तसाच लोकलच्या मेगाब्लॉकचाही.)

भाऊ दाजी रोडवरच्या कॅफे मद्रासबाहेर अकराला पोचलो, तर फुटपाथवर लग्नाच्या हॉलबाहेर असते तशी गर्दी. नाव सांगायचं आणि पुकारा होईपर्यंत थांबायचं. अख्खं कुटुंब एकमेकांच्या तोंडाकडे बघत इतका वेळ एरवी कुठे उभं राहतं? सासूबाईंना कोणीतरी स्टूल दिलं. पाचच मिनिटांत मोगऱ्याचा गजरा माळलेल्या एका मामींशी त्यांची गट्टी जमली. एक तमिळमध्ये बोलत होती, दुसरी मराठीत, आणि विषय बहुधा गुडघे.

हे हॉटेल १९४० सालचं. जवळच्या रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगची सुरुवात १९४२ची. त्या काळात दक्षिणेतून कारकून, टायपिस्ट, हिशोबनीस म्हणून मुंबईत आलेली कितीतरी माणसं या भागात राहिली. त्यातले बरेच एकटे, एका खोलीत चौघे-पाचजण, आणि रांधणारं कोणी नाही. या भागातली खानावळ ही त्यांची गरज होती. आज ज्यांच्या घरी चार शेगड्या आणि वर चिमणी आहे, तेच आम्ही त्या दारात तासभर उभे.

आमचं नाव आलं तेव्हा चार खुर्च्या एकत्र मिळाल्या नाहीत. बापलेक भिंतीकडच्या टेबलावर, आणि मी नि सासूबाई एका अनोळखी आजोबांसमोर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेन, घडी केलेला पेपर. त्यांची इडली अर्धी झाली होती. आमची बटर पोडी इडली आली. लाल पोडी इडलीला चहूबाजूंनी माखलेली, लोणी वितळून ताटलीच्या कडेला गोळा होत होतं आणि त्यात पोडीचे कण तरंगत होते. सासूबाईंनी आधी बोटाने ते लोणी चाखलं, मग इडलीला हात लावला. रसम वड्यातला वडा फुगून इतका मऊ झाला होता, की चमचा लागताच त्याने मान टाकली.

“तुम्ही नेहमी येता?” सासूबाईंनी आजोबांना विचारलं. त्यांना भिडस्तपणा माहीत नाही.

“लग्नाआधी रोज येत होतो,” आजोबा मुंबईच्या मराठीत म्हणाले. “घरी कोण करणार होतं?”

“आणि लग्नानंतर?”

“चाळीस वर्षं नाही आलो. ती बाहेरचं खाऊ द्यायची नाही.” त्यांनी कॉफी पेल्यातून वाटीत ओतली, वाटीतून पुन्हा पेल्यात. वरचा फेस मोडू नये इतकं सावकाश. “आता पुन्हा येतो.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या चटणीची वाटी आजोबांकडे सरकवली, आणि त्यांनीही ती घेतली. पाच मिनिटांत पेपर काखेत मारून ते उठले. लगेच त्यांच्या खुर्चीवर पाठीला सॅक लावलेला एक मुलगा येऊन बसला.

इथे दीड तासाची अट कोणी सांगत नाही. सांगायची गरजच नसते, बाहेरच्या भुकेल्या नजरा काचेतून आत येतात. तासभर थांबून पंचवीस मिनिटांत आम्ही पुन्हा फुटपाथवर होतो. सासूबाईंनी पर्समधून डबा काढला, घड्याळ पाहिलं, साडेबारा झालेले. “जेवणानंतरची,” असा निकाल देऊन त्यांनी बाटलीतल्या घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळली.

येताना मीही खुशीत होते. दोनाचं शून्य साधलं होतं. दुपारी झोपायचं, संध्याकाळी फार तर खिचडी.

मुलुंडला घराच्या अलीकडच्या कोपऱ्यावर नवऱ्याने टॅक्सी थांबवली. “तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.” वीस मिनिटांनी आला तो हातात काळी पिशवी. “शेवटचं पाऊण किलो उरलं होतं. रात्री करू ना, घाई काय आहे? कांदा मी चिरतो.”

कांदा त्याने खरंच चिरला. दोन. मी खोबरं भाजायला घेतलं, तेव्हा आतल्या खोलीतून हाक आली, “अगं, रात्रीची गोळी किती वाजता घेऊ?”