पेपर जाळला तर दंड, अन फोनवरून बोललं तर मनाई



काल कलिंगडाच्या रानातला मल्चिंग पेपर काढला. दीड एकर. चार बाया अन मी, दिवस मोडला. आता बांधाला ढीग पडलाय. बेड पाच फुटी धरला तर एकराला साधारण साडेसहा रोल लागतात, चारशे मीटरचे. पंचवीस मायक्रॉनच्या रोलचं वजन अकरा किलोच्या आसपास भरतं. म्हणजे एकरी सत्तर किलोच्या वर प्लॅस्टिक, माती चिकटलेली वेगळी. माझ्या एकट्याच्या दीड एकरात शंभर किलोच्या पुढं गेलं. पूर्वी मी सरळ काडी लावायचो. खोटं कशाला बोलू, दोन-तीन वर्षं लावली. त्या धुराचा वास अजून आठवतो.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या दाजींच्या गावात (नाव लिहीत नाही, दाजी परत जेवायला बोलावणार नाहीत) ग्रामसभेत दोन विषय आले होते. एक, प्लॅस्टिक जाळणाऱ्याला पाचशे रुपये दंड. दुसरा, बाहेरगावी असणाऱ्यांना अन घरून येता न येणाऱ्यांना फोनवरून, व्हिडिओवरून सभेत बोलू द्यायचं का. पहिली सभा माणसं नाहीत म्हणून तहकूब. दुसऱ्या वेळी पंचवीसेक माणसं. दंड मंजूर, फोन नामंजूर. एक जण उठून म्हणाले, "ज्याला गावाची काळजी त्यानं इथं येऊन बसावं." टाळ्या पडल्या.

मला या टाळ्यांचाच राग आहे.

कायदा काय सांगतो बघा. ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा. वर्षात चार ग्रामसभा. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. पण सभा एकदा तहकूब झाली की पुढच्या सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे शंभर माणसं जमली नाहीत म्हणून थांबायचं, अन नंतर पंचवीस जणांनी गावाचा निर्णय करायचा, हे चालतं. पण सव्विसावा माणूस फोनवरून बोलला की गावाची अब्रू जाते! हा कुठला न्याय?

येत नाहीत ते कोण, हे तरी बघा. रात्रपाळीची लाईट असली की रात्री दोनला उठून दारं धरणारा माणूस सकाळी अकराला पेंगत असतो. बाया खुरपणीला. महिला सभा आधी घ्यायची असते, ती कितीदा कागदावरच होते ते ज्याचं त्यानं आपापल्या गावात विचारावं. पोरं कुरकुंभ, रांजणगाव, चाकणला कंपनीत, सुट्टी टाकली तर पगार कापतो. एक म्हातारी जिना चढू शकत नाही अन सभागृह वरच्या मजल्यावर. या सगळ्यांना गावाची काळजी नाही असं म्हणायचंय का?

अन दंड कोणाला बसणार? पेपर जाळणाऱ्याला. म्हणजे शेतकऱ्याला. तो तर दारं धरून झोपला होता. तो सभेत असता तर एकच सवाल केला असता: जाळू नको म्हणता, ठीक, मग देऊ कुठं? घंटागाडी मातीचा पेपर घेत नाही. भंगारवाला हात लावत नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या तो हौसेनं नेतो, पेपर बघितला की गाडी वळवतो. औषधाच्या बाटल्यांचं तर विचारूच नका, त्या चारीतून वाहत कुठं जातात ते पावसाळ्यात बघा. अन हायवेच्या कडेला रात्री खाली होणाऱ्या पिशव्या? हॉटेलवाला ग्रामसभेचा मतदार नसतो. त्यामुळं तो विषयातही नसतो अन दंडातही नसतो.

पैसा नाही असंही नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजार लोकसंख्येपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी साठ रुपये धरलेत. तीन हजारांचं गाव असेल तर एक लाख ऐंशी हजार. वित्त आयोगातला बंधित निधी वेगळा. तालुक्याला प्लॅस्टिकच्या युनिटसाठी सोळा लाखांपर्यंत तरतूद. यातून वर्षात दोनदा, मल्चिंग निघायच्या टायमाला, ट्रॉली फिरवून पेपर गोळा करता येतो. फक्त कोणीतरी ते सभेत मांडावं लागतं.

काही जण म्हणतील, लांब बसलेल्याला गावच्या कचऱ्यातलं काय कळतं? याला थोडा अर्थ आहे. उरुळी देवाची अन फुरसुंगी आपल्यापासून किती लांब? पुण्याचा कचरा तिथं टाकायचं ठरवणारे लांबच बसले होते. धूर, माशा अन विहिरीचं लाल पाणी जवळच्यांच्या वाट्याला. 2017 ला एप्रिलात डेपो पेटला, लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठं शहराच्या नाकापर्यंत वास गेला. म्हणून मीही म्हणतो, हात वर करायचा तो तिथं बसलेल्यांनीच करावा. फोनवरून मत नको, कोण कोणाच्या फोनवर बोलतंय ते कळत नाही. भाऊबंदकी फोनातही शिरते. पण बोलायला, सवाल करायला, लेखी म्हणणं इतिवृत्तात घ्यायला काय अडचण आहे? कोरोनात, 2020 ला, मोठमोठ्या महापालिका अन जिल्हा परिषदांच्या सभा व्हिडिओवर झाल्याच ना? तेव्हा कुणाची अब्रू गेली नाही.

आता तर केंद्रानं ऑगस्ट 2025 ला 'सभासार' नावाचं साधन काढलंय. सभेचं रेकॉर्डिंग टाकलं की इतिवृत्त तयार, मराठीतसुद्धा. चांगलं आहे. पण मशीन बोललेलं लिहील. जो बोललाच नाही त्याचं काय लिहिणार?

उसाचं पाचट जाळू नका हे आपल्याला कृषी सहायकांनी सभेत सांगून नाही पटलं, रानात येऊन करून दाखवलं तेव्हा पटलं. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट, एक किलो जिवाणू, वर पाणी. आज माझ्या खोडव्यात काडी लागत नाही. पाचटाला रस्ता मिळाला म्हणून जाळणं थांबलं, दंडानं नव्हे. पेपरला अजून रस्ता नाही.

दाजींना सांगितलंय, पुढच्या सभेच्या आधी हे लेखी द्या, पोहोच घ्या, अन सुनेला तिथं उभं राहून वाचायला लावा. ती कंपनीतून त्या दिवशी सुट्टी काढतीय.

माझा ढीग अजून बांधालाच आहे. यवत, केडगाव, उरुळी कांचन भागात कोणी मातीचा मल्चिंग पेपर घेत असेल तर खाली लिहा. धुवून द्यावा लागतो का, तेही सांगा. धुवायला पाणी लागणार, अन आवर्तन कधी सुटतंय ते तुम्हाला माहितीच आहे.