कैफियतीपूर्वीच निकाल

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा शाळेतून येतो, दप्तर कोपऱ्यात भिरकावतो, ‘जेवायला बस’ या हाकेला ‘नको’ एवढेच उत्तर देऊन खोलीचे दार लावून घेतो, आणि मग घरात जे सुरू होते त्याला विचारपूस म्हणण्यापेक्षा जाबजबाब म्हणणेच अधिक सयुक्तिक ठरेल; कारण वडिलांनी उद्धटपणाचा आरोप अगोदरच निश्चित केलेला असतो, आई मोबाईलला दोष देऊन मोकळी झालेली असते, आणि आरोपीची कैफियत ऐकून घेण्यास मात्र कोणालाच सवड नसते.

या वयातील मनःक्षोभ काही आजचा नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली पौगंडावस्थेवर द्विखंडात्मक ग्रंथ लिहून हा काळ वादळी ठरविला. ते वर्णन सर्वच मुलांना लागू पडत नाही असे पुढील अभ्यासकांनी दाखविले हे खरे, परंतु भावनांच्या वेगास लगाम घालणारा मेंदूचा कपाळामागील भाग पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो, हे आता सर्वमान्य आहे.

मला खटकते ती वडीलधाऱ्यांची घाई. ‘त्यात काय एवढे!’ हे आपले सांत्वन बहुधा मुलाच्या नव्हे, तर आपल्याच अस्वस्थतेच्या शमनार्थ असते. मुलाच्या रागाच्या पोटात पुष्कळदा लाज दडलेली असते: भर वर्गात झालेल्या फजितीची, किंवा मित्रांनी सहलीच्या बेतातून परस्पर वगळल्याची. समोर बसवून ‘बोल आता’ असे फर्मान काढल्याने ती बाहेर येत नाही. मटार सोलताना अथवा स्कूटरवर मागे बसून जाताना, म्हणजे नजरेला नजर द्यावी लागत नाही अशा वेळी, तीच मुले आपण होऊन बोलू लागतात. तेव्हा ‘मग पुढे?’ याहून अधिक न बोलण्याचा संयम, माझ्या पाहण्यात तरी, वडिलांना फार जड जातो.

मात्र उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर भीड सोडून ‘जीव नकोसा होतो का रे?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेत २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गृहीत धरतो. अशा व्यक्तीवरही सरकारने जेथे आरोपाचा आग्रह सोडला, तेथे नुसत्या बंद दारावरून खटला भरण्याचा हट्ट घराने का धरावा?

शाळांनाही एक सूचना करावीशी वाटते. समुपदेशकाची खोली पुष्कळ ठिकाणी मुख्याध्यापकांच्या कचेरीला लागून असते, जेथे मुलांना एरवी केवळ शिक्षेसाठी बोलावले जाते. ती ग्रंथालयाशेजारी हलविण्यास कोणत्याही अनुदानाची मंजुरी लागत नाही.