ज्यांना तारीख बदलता येत नाही

ऑक्टोबर महिन्यात काही कामानिमित्त नागपूरला जाऊ इच्छिणारा एखादा सुस्थित गृहस्थ दिनदर्शिकेवर बोट ठेवतो आणि त्याने निवडलेला दिवस नेमका विजयादशमीच्या आगेमागे येतो. प्रवासाची व्यवस्था पाहणारा इसम त्याला तत्काळ सल्ला देतो की, ते दोन-तीन दिवस टाळावेत. गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, उपाहारगृहांच्या खोल्यांचे दर वाढलेले असतात, रस्ते बंद असतात. गृहस्थ आपले काम आठवडाभर पुढे ढकलतो आणि प्रश्न मिटतो. सल्ला व्यवहार्य आहे, त्यात कोणाचा द्वेष नाही. परंतु ज्यांच्यामुळे ही 'गर्दी' होते त्यांना हा सल्ला देता येत नाही. त्यांच्या दृष्टीने तो दिवस हेच प्रवासाचे कारण असते. धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी दीक्षाभूमीवर पोहोचणे आणि आठवड्याने पोहोचणे या दोन गोष्टींची अदलाबदल होऊ शकत नाही.

अर्थशास्त्रात ऐन गर्दीच्या वेळी दर चढविण्याचे समर्थन केले जाते. गर्दीच्या वेळी भाव वाढविला की ज्यांची निकड कमी आहे ते दुसरी वेळ निवडतात, साधनांवरचा ताण विभागला जातो आणि एकूण समाजाचा लाभ होतो. विजेच्या किंवा दूरध्वनीच्या बाबतीत हे तर्कशास्त्र बऱ्याच अंशी खरे ठरते. मात्र त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते म्हणजे ग्राहकाला वेळ बदलण्याचे स्वातंत्र्य असते. जेथे ते नसते तेथे वाढीव भाव वेळेची वाटणी करीत नाही, माणसांची करतो. ज्याच्या खिशात पैसा आहे तो त्याच दिवशी पोहोचतो. ज्याच्या नाही तो राहून जातो, किंवा जिवावर उदार होऊन डब्याच्या दाराशी लोंबकळतो. सार्वजनिक उत्सवाला लावलेला बाजारभाव म्हणजे वस्तुतः उत्सवाच्या दारावर बसविलेले तिकीटघर होय.

हे तिकीटघर अनेक रूपांनी उभे राहते. सणासुदीला सोडल्या जाणाऱ्या कित्येक खास गाड्यांचे भाडे नेहमीपेक्षा अधिक असते. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना मागणीनुसार चढणाऱ्या भाड्याची पद्धत लागू झाली. तिच्यामुळे उत्पन्न वाढले तरी प्रवासी घटले, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात दाखवून दिले. खासगी बसगाड्यांनी एस. टी.च्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक आकारणी करू नये, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१८ साली घेतला. तथापि सणाच्या तोंडावर तिकीट काढायला गेलेल्या कोणत्याही प्रवाशाला तो निर्णय कागदावर किती आणि रस्त्यावर किती, हे विचारून पाहावे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा असून तो ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. मोटारवाल्याचे तास त्याने वाचविले हे मान्यच केले पाहिजे. पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. बिनआरक्षित डब्यातून येणाऱ्या शेतमजुराचा प्रवास त्याने तसूभरही सुकर केलेला नाही.

या संदर्भात १९५६ चे स्मरण उद्बोधक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची तारीख आणि स्थळ २३ सप्टेंबर १९५६ रोजी प्रसिद्ध केले. दीक्षा झाली १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी. म्हणजे देशभरातील दलित जनतेच्या हाती अवघे एकवीस दिवस होते. त्या एकवीस दिवसांत काही लाख माणसे नागपूरला पोहोचली. कोणी भाड्यासाठी अंगावरचा दागिना मोडला, कोणी गावेच्या गावे ओलांडीत पायी आले. वामनराव गोडबोले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तुटपुंज्या साधनांवर मैदानाची व्यवस्था उभी केली. नागपूरच्या वस्त्यांनी आपली घरे पाहुण्यांना मोकळी करून दिली. भदंत चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि नंतर आपल्या अनुयायांना दिली. ज्यांना शतकानुशतके गावाच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांनी एका मोठ्या शहरात प्रचंड संख्येने आणि शिस्तीने आपला दिवस साजरा केला. आज आरक्षण साठ दिवस आधी खुले होते (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती), आणि तरीही दीक्षाभूमीच्या यात्रेकरूंपैकी बहुसंख्यांना आरक्षित जागा मिळत नाही. साठ दिवसांनंतर आपल्याला सुटी मिळेल की नाही, मजुरी बुडविणे परवडेल की नाही, हे आधी सांगू शकणारा वर्ग वेगळा आणि दीक्षाभूमीवर येणारा वर्ग वेगळा, हे त्याचे साधे कारण आहे.

मजुरी बुडण्याचा प्रश्नही किरकोळ नव्हे. विदर्भ-मराठवाड्यात हे दिवस सोयाबीनच्या काढणीचे असतात. कपाशीची वेचणीही तोंडावर आलेली असते. वर्षातून ज्या थोड्या आठवड्यांत शेतमजुराच्या हाताला खात्रीचे काम असते, त्यांतलेच तीन दिवस तो या प्रवासाला देतो. भाडे, शिदोरी, बुडालेला रोज आणि परतताना घेतलेली पुस्तके अशी बेरीज केली, तर दरिद्री कुटुंबाच्या दृष्टीने ही फार मोठी गुंतवणूक ठरते. पुस्तकांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. दीक्षाभूमीच्या परिसरात त्या दिवसांत रांगेने लागणाऱ्या ग्रंथांच्या दुकानांपुढे जी झुंबड उडते, ती पाहून अनेक साहित्यसंमेलनांनी अंतर्मुख व्हावे. जो समाज उपाशीपोटी ग्रंथ विकत घेतो, त्याला 'बेशिस्त गर्दी' म्हणून हिणविणे हा केवळ अन्याय नव्हे, ते अज्ञानही आहे.

नियोजन नेमके कोणासाठी होते, हा प्रश्न १ जुलै २०२४ रोजी नागपुरात उघडपणे पुढे आला. सुमारे दोनशे कोटी रुपयांच्या विकास आराखड्यात दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळ बांधण्याचे काम चालू होते. त्या खोदकामामुळे स्तूपाला धोका पोहोचेल, या भावनेने हजारो अनुयायी तेथे जमले, कामाची मोडतोड झाली, आणि शासनाला त्याच दिवशी कामाला स्थगिती द्यावी लागली. मोडतोडीचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण आंदोलकांच्या संतापामागील विवेक नाकारता येणार नाही. जेथे येणारा बहुसंख्य माणूस रेल्वेने, एस. टी.ने आणि अखेरीस पायी येतो, तेथे शासनाला सर्वप्रथम सुचते ते मोटारी ठेवण्याचे तळघर! पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे, रात्रीचा निवारा यांची निकड वाहनतळाच्या आधीची आहे, हे ज्यांच्यासाठी आराखडा केला त्यांना अगोदर विचारले असते तर कळले असते.

या हेळसांडीची किंमत पैशांतच मोजली जाते असेही नाही. विजयादशमीच्या आदल्या दिवशी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर २३ माणसे चेंगरून मेली. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकावर कुंभमेळ्यासाठी निघालेल्या प्रवाशांच्या चेंगराचेंगरीत १८ जणांचा अंत झाला. ४ जून २०२५ रोजी बंगळूरला क्रिकेटच्या विजयोत्सवात ११ जण मृत्युमुखी पडले. प्रत्येक वेळी दोष 'अनपेक्षित गर्दी'वर टाकण्यात आला. सण दिनदर्शिकेत छापलेला असताना गर्दी अनपेक्षित कशी? १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम ५७ प्रत्येक डब्यातील प्रवाशांची कमाल संख्या ठरवून देण्यास सांगते. त्याची अंमलबजावणी का होत नाही, असा प्रश्न दिल्लीच्या दुर्घटनेनंतर तेथील उच्च न्यायालयाला विचारावा लागला. मात्र हे कलम गाड्या न वाढविता लागू केले, तर त्याचा अर्थ गरिबाला फलाटावरच अडविणे एवढाच होईल. मर्यादा आणि सोय या दोहोंची वाढ बरोबरीने व्हावयास हवी.

तेव्हा मागण्या अगदी साध्या आहेत. विजयादशमी २०२३ साली २४ ऑक्टोबरला, २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला आली. दर वर्षी ती सरकते, पण किती सरकणार हे पंचांग आधीच सांगते. चंद्रपूरची दीक्षा १६ ऑक्टोबर १९५६ ची असल्याने तेथील सोहळा इंग्रजी तारखेने होतो आणि अनेकांना दोन्ही ठिकाणी जायचे असते. म्हणून रेल्वेने बिनआरक्षित गाड्यांचे वेळापत्रक, येण्याचे आणि परतीचेही, निदान दोन महिने आधी जाहीर करावे आणि त्यांचे भाडे नेहमीचेच असावे. खासगी बसभाड्याची मर्यादा पाळली जाते की नाही, हे त्या आठवड्यात रस्त्यावर उतरून तपासले जावे. नागपूर महानगरपालिकेने पाणी, स्वच्छतागृहे, आरोग्यकेंद्रे आणि शाळांमधील रात्रीचा निवारा यांसाठी अंदाजपत्रकात कायमचे शीर्षक ठेवावे. दर वर्षी नव्याने याचना करण्याची पाळी कोणावर येऊ नये. स्थानकापासून दीक्षाभूमीपर्यंत जाण्याचा मार्ग वेगळा, परतीचा वेगळा असावा, आणि त्याचे नकाशे बसस्थानकांवर व फलाटांवर मराठीत आणि हिंदीत लावले जावेत. या सर्वांची आखणी होताना आंबेडकरी संघटनांच्या कार्यकर्त्यांना, विशेषतः स्त्रियांना, निर्णयाच्या जागी बसवावे.

यात अशक्य काहीच नाही. प्रा. मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी बसविली. खर्च किती येईल, हा हिशेब त्यांनीही केला होता. परंतु रात्रभर फळीवर पाठ घासणाऱ्या माणसाची गैरसोय हाही खर्चच आहे, हे त्यांनी त्या हिशेबात धरले. दोन इंचांच्या त्या गादीने रेल्वे बुडाली नाही. सार्वजनिक सेवेचे अर्थशास्त्र हेच आहे की, ज्यांच्याकडे पर्याय नाही त्यांचा विचार प्रथम करावा, कारण ज्यांच्याकडे पर्याय आहेत ते स्वतःचा विचार करावयास समर्थ असतात.

२०२६ साली त्या दीक्षेला सत्तर वर्षे होतात. आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थाने आपले काम अवश्य पुढे ढकलावे; त्याने मोकळी केलेली एक जागा दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पण एखाद्या वर्षी त्याने उलटही करून पाहावे. नेमक्या त्याच दिवशी, साध्या डब्यातून, शिदोरी घेऊन नागपूरला जावे. डब्यात त्याला कोणी सरकून जागा करून देईल, आपल्या भाकरीतली चतकोर पुढे करील, आणि परतताना त्याच्याही हातात एखादे पुस्तक असेल. ज्या शहराच्या गर्दीला तो भीत होता, ते शहर कोणाच्या पायांनी मोठे झाले आहे, हे त्याला तेथे समजेल. आणि त्या पायांसाठी शहराने काय केले, हा प्रश्न मग तोही विचारू लागेल.