चित्रांतील समुद्र

आमच्या हिंगोलीकडील मुलांनीं कयाधूचा पूर पाहिलेला असतो. परंतु समुद्राची लाट त्यांतील पुष्कळांना प्रथम दिसते ती चित्रांतच. म्हणून राजा रविवर्मा यांनीं काढलेल्या, प्रभु रामचंद्र वरुणाचा गर्व हरण करीत असल्याच्या चित्राविषयीं या खेपेस लिहावें असें योजिलें आहे.

रविवर्म्यांचा जन्म १८४८ चा. १८९४ मध्यें मुंबईस त्यांचा छापखाना निघाला व त्यांचीं चित्रें आपल्या देवघरांत आलीं. प्रस्तुत चित्र मात्र म्हैसूर दरबारासाठीं, आयुष्याच्या अखेरीस काढलेलें. १९०६ सालीं ते निवर्तले.

खडकावर धनुष्य सज्ज करून रामचंद्र उभे आहेत. वस्त्र वाऱ्यानें उडत आहे. खालीं सागर खवळला आहे, वर आकाश अंधारलें आहे, आणि लाटांतून वरुण शरण येत आहे. साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर येथें रौद्र रस आहे. ज्याच्यावर क्रोध, तो सागर हें आलंबन. अंधारलेलें आकाश व वारा हें उद्दीपन. वाचकांनीं आकाशाचा व पाण्याचा भाग हातानें झांकून पाहावा. मग केवळ एक धनुर्धर उरतो, क्रोध उरत नाहीं. या चित्रांत निसर्ग हा पडदा नसून पात्र आहे.

परंतु एक गोष्ट चित्रांत नाहीं, आणि ती मुलांना आपणच सांगितली पाहिजे. वाल्मीकींच्या युद्धकांडांत रामचंद्र प्रथम तीन रात्री दर्भावर पडून सागराची प्रार्थना करितात. ती व्यर्थ गेल्यावरच ते धनुष्य उचलतात. तेव्हांही लक्ष्मण धांवून तें धरतो. सागर शरण आल्यावर तो बाण त्याच्यावर न पडतां उत्तरेकडील द्रुमकुल्य प्रदेशीं पडतो, आणि सागरच नलाचें नांव सुचवितो. पुढें पांच दिवसांत शंभर योजनें सेतु बांधला जातो.

चित्रकाराला एकच क्षण रंगवितां येतो, हा त्याचा दोष नव्हे. पण तेवढाच क्षण पाहिलेल्या मुलाची समजूत अशी होईल, कीं रागावलें म्हणजे समुद्रही हात जोडतो. मोठ्या कुटुंबांत ज्यांच्या शब्दाला मान असतो, त्यांना हा मोह विशेष. त्यांनीं तसबिरीपुढें मुलांस बसवून आधींच्या तीन रात्री आणि नंतरचा सेतु, दोन्ही सांगावे. आणि सांगतांना स्वतःही ऐकावे.