०.५ वर खोली मोठी दिसते, पण धंदा?

लोणावळ्यात होमस्टे असो की कामशेतला बंगला, फोटो काढायची वेळ आली की बोट आपोआप फोनच्या ०.५ वर जातं. अख्खी खोली एका फोटोत बसते ना! माझं मत स्पष्ट आहे: खोलीसाठी हे बटण वापरू नका.

ही अल्ट्रा-वाइड लेन्स साधारण १३ मिमीच्या हिशोबाची, नेहमीची १x सुमारे २४ ते २६ मिमीची. वाइडमध्ये जवळची वस्तू फुगते, समोरची भिंत लांब पळते, कडेचा पलंग ताणला जातो. दहा बाय बाराची खोली हॉल वाटते. मुंबईचं गिऱ्हाईक शुक्रवारी रात्री घाट चढून येतं, दार उघडतं आणि म्हणतं, "फोटोत तर मोठी होती!" झालं, रिव्ह्यूचा एक स्टार तिथेच गेला.

मग ०.५ कुठे वापरायचं? जिथे जागा खरंच मोठी आहे आणि मागे सरकता येत नाही तिथे. कार्ल्याचं चैत्यगृह आतून घ्या, टायगर पॉइंटची दरी ढगांसकट घ्या. पण लांबून नागफणी घ्यायची तर २x लावा, नाहीतर सुळका टेकाडाएवढा दिसेल.

खोलीला १x लावा, फोन छातीच्या उंचीवर सरळ धरा (कलला की भिंती तिरक्या होतात), दोन कोपऱ्यांतून दोन फोटो काढा आणि खाली खोलीचं माप लिहा. लहान खोली विकली जाते हो. फसलेलं गिऱ्हाईक मात्र परत येत नाही.

आजचं काम: लिस्टिंग उघडा, पहिला फोटो बदला.