नाव शेवटच्या ओळीत

दिवाळीच्या अंकात पाहुण्यांपुढे फराळाचे ताट ठेवावे तसे काहीतरी गोडधोड वाचकांपुढे ठेवावे, अशी रीत आहे. पण यंदा आमच्या नेहमीच्या वाचकांपैकी एका भगिनीचे पत्र आले आणि ताटातला पदार्थ बदलावा लागला. बाईंचे माहेर जुन्नर तालुक्यातले राजुरी, सासर पुण्याचे. पत्र चार पानी, पण मुद्दा एकच. चिरंजीव चोविशीचे. संगणकाची पदवी घेतली, वर्षभर नोकरी केली. आता म्हणतात, नोकरी सोडतो आणि स्वतःची गाणी स्वतः लिहून स्वतःच गातो. त्या प्रकाराला ‘आल्टरनेटिव्ह पॉप’ म्हणतात म्हणे! बाई विचारतात, ‘भाऊ, हे नेमके काय असते? त्याने पोट भरते का? आणि नणदेने विचारले, मुलगा काय करतो, तर काय सांगू?’

ताई, तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. आणि खरे सांगायचे तर असे पत्र लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. घरोघरी गिटारी आल्या आहेत. तेव्हा उत्तर चारचौघांत देतो.

पहिला प्रश्न सोपा आहे. चित्रपटात गाणे लिहितो एक, चाल लावतो दुसरा, गातो तिसरा आणि पडद्यावर ओठ हलवतो चौथा. हा मुलगा ती सारी कामे एकट्याने करू पाहतो. चाल कानाला गोड, ओठांवर राहील अशी. पण शब्द कोणाच्या कथानकासाठी बेतलेले नाहीत, आपल्या मनातले. नाव इंग्रजी असले तरी वस्तू इंग्रजी नाही. तुमच्या आजीने जात्यावर बसून पहाटे जी ओवी म्हटली, तिचे शब्द कोणी लिहून दिले होते? चाल कोणी लावली होती? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, भाऊ, दुष्काळ, विठ्ठल, सारे त्यांत आहे. स्वतःचे गाणे स्वतः रचून गाण्यात आपल्याकडच्या बायका कोणाच्याही मागे नव्हत्या. फक्त त्यांना कोणी बिदागी दिली नाही आणि त्यांची नावेही फारशी कोणी टिपली नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र दमाने उत्तर द्यायला हवे.

तुमचे माहेर ज्या मुलखात आहे, त्याला गाण्याचे वावडे नाही. शेजारच्या आळ्याला ज्ञानदेवांच्या मुखी वेद बोलणाऱ्या रेड्याची समाधी आहे. मुक्या जनावराला वाचा फुटली अशी ज्या मातीची श्रद्धा, तिथल्या लेकीच्या मुलाला कंठ फुटला तर नवल कसले! पलीकडे नारायणगाव. पाडव्याच्या आधी तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे यात्रा-कमिटीवाले येऊन आपल्या जत्रेची सुपारी देऊन जातात. त्याच गावचे नाव विठाबाईंनी साऱ्या महाराष्ट्रात नेले. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पण २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या, त्याआधीची वर्षे आजारपणात आणि पैशांच्या ओढाताणीत गेली. पुढे शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ताई, तुमची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. टाळ्या आणि भाकरी यांचा हिशेब पूर्वीपासून जुळत नाही.

आता पुणे-नाशिक रस्त्याने थोडे वर संगमनेरकडे चला. वाटेत हिवरगाव लागते. ते नामचंद पवळाबाईंचे गाव. तिच्या गळ्यासाठी आणि आपल्या लावणीसाठी श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाच्या माणसाने घरदार आणि जातीतली प्रतिष्ठा सोडली. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा हा कुलकर्ण्याचा मुलगा. जन्म १८६६ चा. ब्राह्मणाच्या पोराने तमाशाच्या बोर्डावर उभे राहावे, महार समाजातल्या पवळेबरोबर फड चालवावा, हे त्या काळच्या सभ्य मंडळींना सोसले नाही. त्याने ते मनावर घेतले नाही. लोक त्याला पठ्ठे बापूराव म्हणू लागले. त्याच्या लावण्यांवर फड उभे राहिले, थिएटरे भरली. आणि १९४५ च्या डिसेंबरात तो पुण्यात गेला तो जवळजवळ कफल्लक. लावण्या मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी होत्या.

यावर तुम्ही म्हणाल, ‘भाऊ, तुम्ही माझी भीती घालवताहात की वाढवताहात?’ जरा थांबा. यापुढे जो माणूस येतो, त्याची गोष्ट चिरंजीवांना शेजारी बसवून वाचून दाखवा.

वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. घरी गरिबी, शाळा नाही. मुंबईला येऊन कोळशाच्या वखारीत राबले, गिरणीत राबले, चिक्कीही विकली. चाळीत राहत असताना कोणी एकजण पत्र घेऊन आला, ‘एवढे वाचून दाखवा’ म्हणाला. वामनदादांना अक्षरओळख नव्हती. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. वयात आलेल्या या माणसाने बाराखडी गिरवली, दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकला आणि १९४३ साली पहिले गाणे रचले. तेही काय, तर एका हिंदी गाण्याच्या चालीवर! त्याच वर्षी नायगावला त्यांनी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना पाहिले आणि त्या गळ्याला विषय सापडला.

पुढची साठ वर्षे वामनदादा गात हिंडले. खेडी, वस्त्या, चाळी, जयंतीचे मांडव. १९५६ साली बाबासाहेब गेल्यावर त्यांचा विचार ज्यांनी गाण्यातून घरोघर पोहोचवला, त्यांत वामनदादांचे नाव पहिल्या ओळीत येते. पण त्यांचा पहिला काव्यसंग्रह ‘वाटचाल’ निघाला तो १९७३ साली, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तब्बल तीस वर्षांनी. १९५९ सालचा ‘सांगत्ये ऐका’ तुमच्या सासूबाईंना आठवत असेल. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. त्यातले एक गाणे वामनदादांचे होते. पांढरपेशा घरांतून ते गुणगुणले गेले. पण गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना ते कोणाचे हे माहीत होते? गाणे दिवाणखान्यात आले आणि गाणारा उंबऱ्याबाहेर राहिला. आपण मध्यमवर्गीयांनी हा हिशेब एकदा प्रामाणिकपणे मांडायला हवा. चाल आवडते, चाल लावणाऱ्याशी सोयरीक नको! नणदेला काय सांगू, हा तुमचा तिसरा प्रश्न याच जुन्या वहीतला आहे.

आता चिरंजीवांनी या लोकांकडून काय घ्यायचे ते सांगतो. लावणीच्या, पोवाड्याच्या, गीताच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. तिला नाममुद्रा म्हणतात. अभंगात तुका येतो, लावणीत पठ्ठे बापूराव येतो, गीतात वामन येतो. आपल्याला ती नुसती शोभा वाटते. पण गाणे तोंडोतोंडी फिरत होते, ते कोणीही उचलून आपले म्हणून खपवू शकत होता, तेव्हा ते नाव खिळ्यासारखे ठोकून ठेवावे लागे. यमकात असे बसवायचे, की काढू गेले तर ओळच मोडावी. छापखाना नव्हता, कचेरी नव्हती, तेव्हा गरिबाने आपल्या मालकीची केलेली ही सोय होती. गाण्यावर नाव राही. पैसा मात्र त्या नावापर्यंत पोहोचत नसे.

आता नाव आणि पैसा यांच्यामध्ये कायद्याची एक वाट आहे, हा मोठा फरक. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकाराने आणि संगीतकाराने चित्रपटवाल्याला किंवा ध्वनिमुद्रण कंपनीला हक्क लिहून दिले, तरी गाणे पुढे जिथे जिथे वाजेल त्या मानधनातला समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. (चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर वाजते ते तेवढे वगळून.) हा वाटा गोळा करून देणारी गीतकार-संगीतकारांची सोसायटी १९६९ सालापासून आहे. आणि हक्क कवीच्या मरणानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे २००४ साली वारलेल्या वामनदादांच्या गीतांवर २०६४ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा हक्क. बापूरावांच्या नशिबी हे नव्हते. तेव्हा ताई, मुलाला पहिला प्रश्न ‘किती मिळतील?’ हा विचारू नका. ‘गाणे कोणाच्या नावावर नोंदवलेस?’ हा विचारा. कागद न वाचता सही करणारा गायक आणि पत्र वाचता न येणारा मजूर यांत फार अंतर नाही. त्या मजुराने तर अक्षरे शिकून घेतली!

पोट भरते का? काहींचे भरते. जळगाव जिल्ह्यातल्या धानवडचा संजू राठोड पाहा. ‘गुलाबी साडी’ त्यानेच लिहिले, चाल त्याची, गळाही त्याचा. वाद्यमेळ बांधून दिला त्याच्या भावाने. २०२४ साली ते गाणे मराठीची वेस ओलांडून ज्यांना मराठीचा गंध नाही त्यांच्या लग्नांच्या मांडवात जाऊन पोहोचले. तिकडे अमेरिकेत बॉब डिलन वयाच्या विसाव्या वर्षाच्या आतच, १९६१ च्या जानेवारीत, गिटार घेऊन न्यूयॉर्कला आला. ज्याच्या गाण्यांनी त्याला वेड लावले तो वुडी गथ्री आजारी होता, त्याला आधी जाऊन भेटला. पुढल्या वर्षी त्याची पहिली तबकडी निघाली, ती फारशी खपली नाही. आणि २०१६ साली त्याच माणसाला साहित्याचे नोबेल मिळाले. पण ताई, एका डिलनमागे घरी परतलेली शंभर पोरे असतात, हेही लपवून ठेवू नये.

तेव्हा माझा सल्ला असा. नोकरी एकदम सोडू देऊ नका. शनिवार-रविवार आणि रात्री त्याच्या. वर्षभरात दहा गाणी अशी लिहायला सांगा, की जी दुसऱ्या कोणाला लिहिता आली नसती. हेच अवघड आहे. वामनदादांना सांगायला आयुष्य होते. चिरंजीवांना काय आहे? परक्या शहरातला पाऊस आणि न झालेले प्रेम एवढ्यावर दहा गाणी होत नाहीत. त्याला सुट्टीत राजुरीला पाठवा. कांद्याचे भाव पडले म्हणजे मामाच्या घरात जेवताना कसे गप्प बसतात, ते ऐकू द्या. त्या गप्पपणाला चाल लावता आली, तर मुलगा गाणारा आहे असे समजा. नाहीच आली, तर पदवी आहे, नोकरी आहे, आणि गिटार काही भाकरी मागत नाही.

आणि तुम्ही एक करा. त्याचे एक गाणे संपूर्ण ऐका. कुकरची शिट्टी होईल, दारावर कोणी येईल, येऊ द्या. बसून, शेवटपर्यंत ऐका. आई अर्ध्यावर उठून गेली, तर गाणाऱ्याला पुढचे हजार श्रोतेही खरे वाटत नाहीत.

राहिली नणंद. तिला सांगा, ‘आमचा मुलगा गाणी लिहितो आणि गातो.’ त्यापुढे ‘पण’ लावू नका. ज्या पोरांच्या आया हे वाक्य पुरे म्हणू शकतील, त्यांना आपले नाव शेवटच्या ओळीत घालायला भीती वाटणार नाही.

दिवाळीच्या शुभेच्छा. चिरंजीवांचे पहिले गाणे तयार झाले की कळवा; शेवटची ओळ आम्ही आधी ऐकू.